‘झाडं तोडा, पट्टा मिळवा’ असं वनहक्क कायद्यात कुठेही नाही

‘जंगलात झाडं तोडा, नांगर घाला, सरकारकडून पट्टा घ्या आणि विकून मोकळे व्हा. वनहक्क कायद्याने जंगल संपवलं, आता वाघाची पाळी. लाखो दावे नामंजूर झाले, म्हणजे ते खोटेच होते. हे सगळं परदेशी खूळ आहे.’ थोड्याफार फरकाने हा मजकूर नागपूरच्या मोबाइलांवर बरीच वर्षं फिरतो आहे. पेंच-ताडोब्यावर मनापासून प्रेम करणारी माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून 2006 चा वनहक्क कायदा समोर ठेवून उत्तर देणं भाग आहे.

आधी पट्ट्याचं, म्हणजे जमिनीवरच्या हक्काच्या कागदाचं. हा कायदा नवी जमीन वाटत नाही. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जी वनजमीन आदिवासींच्या आणि इतर पारंपरिक वननिवासींच्या ताब्यात आहे, तिची नोंद करतो. त्यानंतर तोडलेल्या जंगलावर दावा बसत नाही. वहिवाट दीड एकराची असेल तर पट्टाही दीड एकराचाच. कमाल मर्यादा 4 हेक्टर. किमान दोन पुरावे लागतात: दंडाची जुनी पावती, शेतातला जुना बांध, दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वयस्कर माणसाचा लेखी जबाब, असे. ग्रामसभेने नेमलेली वनहक्क समिती वनविभागाला आगाऊ कळवून जागेवर पाहणी करते. मग ग्रामसभेचा ठराव होतो. त्या सभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. तिथून फाइल उपविभागीय समितीकडे जाते आणि शेवटचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती करते.

मिळालेली जमीन विकता येत नाही. ती फक्त वारसाने पुढे जाते आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो.

वाघाचा मुद्दा गंभीर आहे. पण तो मांडणारे कायद्याचा मोठा भाग गाळतात. वैयक्तिक पट्ट्यापलीकडे गावाला सामूहिक वनहक्क मिळतो, म्हणजे पारंपरिक हद्दीतलं जंगल राखण्याचा, वापरण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार. कलम 5 वन्यजीव आणि जंगल जपण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर टाकतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर हा हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सुमारे 1,000 हेक्टर मिळालं. त्या ग्रामसभेने बांबूची विक्री स्वतः केली आणि तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. जास्त पानं फुटावीत म्हणून झुडपं छाटतात, आगी लावतात, हे गाव बघत आलं होतं. हाती कमाई असताना ती सोडून देणारं गाव जंगलाचं शत्रू कसं? वाघासाठी गाव हलवायला कायद्याची मनाई नाही. आधी हक्कांची नोंद, मग ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती, मग पुनर्वसन, हा क्रम मात्र पाळावा लागतो.

‘परदेशी खूळ’ म्हणणाऱ्यांसाठी: आदिवासींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा 13 सप्टेंबर 2007 रोजी 144 मतांनी मंजूर झाला, त्यात भारताचं मत होतं. आपला कायदा त्याच्या आधीच संसदेत मंजूर झाला होता.

नागपूर जिल्ह्यात राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं आदिवासी क्षेत्र, म्हणजे अनुसूचित क्षेत्र नाही, म्हणून इथे वनहक्क लागू नाही, असंही सांगितलं जातं. अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांसाठीचा पेसा कायदा इथे लागू नाही, हे खरं. वनहक्क कायद्याला मात्र अनुसूचित क्षेत्राची अट नाही, त्यामुळे रामटेक-पारशिवनीच्या जंगलातल्या गावांनाही दावा करता येतो.

आता नामंजूर दाव्यांचं. ‘नामंजूर म्हणजे खोटा’ ही समजूत सगळ्यात जास्त नुकसान करते. सर्वोच्च न्यायालयाने 13 फेब्रुवारी 2019 रोजी अशा दावेदारांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला आणि 28 फेब्रुवारीला तो स्वतःच थांबवला. दावे कोणत्या प्रक्रियेने फेटाळले, ते सांगा, असं राज्यांना विचारलं.

प्रक्रियेत चुका ठरलेल्या जागी होतात. उपग्रह छायाचित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळतात. 2012 च्या सुधारित नियमांनुसार असं छायाचित्र पूरक पुरावा आहे, एकमेव नाही. गोवारी, ढिवर यांच्यासारख्या बिगर-आदिवासी वननिवासींकडे त्याच तुकड्यावरच्या 75 वर्षांच्या ताब्याचा कागद मागतात. कायदा 75 वर्षांचं वास्तव्य आणि जंगलावरचं अवलंबन मागतो, जमीन कसण्याची तारीख सगळ्यांना 2005 चीच. इथे विदर्भातलं जुनं निस्तारपत्रक कामी येतं, कारण गावाचा सरपण, चराई, बांबू यांवरचा वापर त्यात लिहिलेला असतो. तिसरी चूक सगळ्यात साधी आहे: निर्णय कारणांसह लेखी कळवतच नाहीत. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे, तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे दाद मागायला 60-60 दिवस असतात. कागद हातात पडला नाही, तर ही मुदत टळून जाते आणि खरा दावा नामंजुरांच्या यादीत राहतो.