अडाणीपणा नव्हता तो

कोरोनाच्या टाळेबंदीबद्दल ‘गावकऱ्यांनी अडाणीपणातून रस्ते अडवले’ असं म्हटलं जातं, ते पटलं नाही. मार्च २०२० मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातही वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून बैलबंडी आडवी लावली होती. आरोग्य केंद्र १८ किलोमीटरवर, व्हेंटिलेटर थेट जिल्ह्याच्या ठिकाणी, अन् एसटी बंद. दुखणं गावात शिरलं असतं तर माणूस न्यायचा कशात?

गाव चुकलं ते नंतर. पुण्याहून आलेल्या चुलतभावाने शाळेत १४ दिवस काढले, साधा खोकलाही नव्हता. तरी पुढे महिनाभर बोरिंगवर वहिनीचा पाण्याचा गुंड (घागर) लोक काठीने बाजूला सरकवायचे. शेवटी ती रात्री अकराला पाणी भरायला जायची. तिची माफी अजून कुणी मागितलेली नाही.