‘पकडा आणि लांब सोडून या’: अमेरिकेतल्या रानडुकरांबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

टेक्सासमध्ये हेलिकॉप्टरमधून रानडुकरं टिपण्याचा व्हिडिओ आणि त्याखाली संतापाच्या सात-आठ ओळी, हे फॉरवर्ड अधूनमधून डोकं वर काढतं. त्याचं म्हणणं असं: ही मुकी जनावरं जंगलाचीच लेकरं, मारण्याऐवजी पकडून लांबच्या रानात सोडा, दोन-चार सोडल्यानं काय बिघडतं, फार तर नुसते नर सोडा, शिकारीला मोकळीक दिली की संख्या आपोआप आटोक्यात येते, आणि तिथल्या लोकांना ती हवीच आहेत. एकेक दावा घेऊ. सगळे सारख्या वजनाचे नाहीत, तेव्हा उत्तरंही सारखी लांब नाहीत.

‘जंगलाचीच लेकरं’

सह्याद्रीतलं रानडुक्कर इथलंच आहे, वाघ-बिबट्यांचं भक्ष्य आहे. अमेरिकेतलं तसं नाही. 1539 मध्ये स्पॅनिश सरदार एर्नान्दो दे सोतो फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्या लवाजम्यात चालती-फिरती शिदोरी म्हणून डुकरं होती. त्यांची, आणि नंतर वसाहतवाल्यांनी मोकाट चरायला सोडलेल्या पाळीव डुकरांची ही प्रजा. त्यात 1912 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या हूपर बाल्ड डोंगरावर शिकारीच्या हौसेखातर युरोपातली रानडुकरं आणून कुंपणात ठेवली. ती निसटली आणि दोन्ही रक्तं मिसळली. भुईमुगाची नासाडी इथेही होते, तिथेही होते. पण म्हणून दोन्ही प्रश्न एक होत नाहीत.

‘पकडून लांब सोडा’

सगळी गोम इथे आहे. 1982 मध्ये ही डुकरं 17 राज्यांत होती; पुढच्या साडेतीन दशकांत आकडा 35 च्या घरात गेला. पायी चालत? डुकरिणी आणि पिल्लांचा कळप आपल्या काही चौरस किलोमीटरच्या टापूला धरून राहतो. अन्न-पाणी असेल तर हलत नाही. मग मध्ये दोनशे किलोमीटर एकही डुक्कर नसताना पलीकडच्या खोऱ्यात अचानक कळप दिसतो, तेव्हा तो पिकअपमागच्या ट्रेलरमधून आलेला असतो. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथे कृषी खात्याच्या संशोधन केंद्रात ठिकठिकाणच्या डुकरांचे जनुकीय नमुने जपून ठेवले आहेत. नव्या कळपाचा नमुना त्यांच्याशी ताडला की मूळ गाव कळतं, आणि ते बऱ्याचदा शेजारचं नसतं.

म्हणजे फॉरवर्ड जो उपाय सांगतं, त्यातूनच तर हा उपद्रव पसरला आहे.

बरं, पकडणं तरी सोपं आहे का? पूर्ण कळप एका रात्रीत पकडायचा असेल तर आधी आठवडा-दीड आठवडा आंबवलेला मका टाकावा लागतो, कारण आंबूस वास हरणांना फारसा रुचत नाही, डुकरांना रुचतो. कॅमेरा लावून डोकी मोजायची. मग 16 फुटी जाळीचे पॅनेल लोखंडी खांबांना बांधून गोल आवार करायचं. कोपरा ठेवायचा नाही. कोपऱ्यात डुकरं एकमेकांच्या पाठीवर चढतात आणि वरून उड्या मारतात. जाळी पाच फुटांच्या खाली नको, आणि तळाशी भोकं बारीक हवीत, नाहीतर पिल्लं निसटतात. दार काही रात्री बांधून उघडंच ठेवायचं. आमिष आधी बाहेर, मग उंबऱ्यावर, मग आत. शेवटचं डोकं आत आलेलं कॅमेऱ्यात दिसलं की मोबाइलवरून दार पाडायचं.

घाई झाली की काय होतं? दोन आत शिरताच दार पडतं, बाहेरची दहा ते बघतात आणि पुन्हा सापळ्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत. छोट्या पेटी-सापळ्यांचं हेच होतं. आता ती पकडलेली दोन लांब नेऊन सोडा: जुन्या ठिकाणी हुशार झालेला कळप शिल्लक, नव्या ठिकाणी नवा कळप सुरू.

भूतदयेचंही बघू. डुकराला घाम जवळपास येतच नाही, अंग थंड करायला चिखल लागतो. टेक्सासच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या ट्रेलरमध्ये दाटीवाटीनं कोंबलेली डुकरं रस्त्यातच उष्माघातानं मरतात. उरतात ती अनोळखी रानात पाणी शोधत हिंडतात. आणि त्या रानात आधीपासून राहणाऱ्यांवर दया कोणी करायची? जॉर्जियाच्या किनारी बेटांवर डुकरं समुद्री कासवांची घरटी उकरून अंडी फस्त करतात. वेळासला कासवांची अंडी राखणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

‘दोन-चारच, आणि तेही नर’

डुकरीण सहा-आठ महिन्यांत माजावर येते, गाभण राहिल्यापासून सुमारे 115 दिवसांत विते, एका वेताला चार-सहा पिल्लं. वर्षात दुसरं वेतही होऊ शकतं. ‘दोन-चार’चे किती होतात ते ज्यानं त्यानं मांडून बघावं.

नरांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करू. टेक्सासमध्ये पशुआरोग्य आयोगाच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त, कुंपणबंद शिकारराखीव जागेत फक्त नर किंवा खच्ची केलेले नर सोडता येतात, माद्या नाहीत. पण पुरात वाहून आलेलं एक लाकूड कुंपण पाडतं आणि बाहेर माद्या असतातच. खच्ची डुक्करही जमीन तितकीच उकरतं, आणि रोग तर खच्ची होत नाहीत.

रोगाबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही. स्यूडोरेबीज हा नागीण गटातल्या विषाणूचा आजार. डुक्कर बरं झालं तरी विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो, आणि पकडणं, कोंडणं, प्रवास यांच्या ताणानं पुन्हा बाहेर पडू लागतो. म्हणजे धडधाकट दिसणारं जनावर ट्रेलरमधून उतरतं तेच रोग वाटत. शिकारी कुत्र्याला तो झाला तर कुत्रा वाचत नाही. अमेरिकेनं पाळीव डुकरांतून हा रोग 2004 मध्ये हटवला. रानात तो अजून आहे. ब्रुसेलोसिस तर हातमोज्यांशिवाय डुक्कर सोलणाऱ्या माणसालाही होतो. आफ्रिकन स्वाइन फीव्हर 2021 मध्ये डोमिनिकन रिपब्लिकपर्यंत येऊन ठेपला, तेव्हापासून अमेरिकेतले पशुवैद्यक डुकरांच्या चोरट्या वाहतुकीला का घाबरतात हे कळायला फार विचार नको. आपल्याकडे आसाम-अरुणाचलात तो 2020 मध्येच आला.

‘शिकारीला मोकळीक द्या’

टेनेसीनं हेच करून पाहिलं. 1999 पर्यंत तिथल्या 95 पैकी सुमारे 15 काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) डुकरं होती. त्या वर्षी राज्यभर शिकार खुली केली. 2011 पर्यंत जवळपास 80 काउंट्यांत लहान-मोठे कळप झाले होते. कारण साधं: घराजवळ शिकार हवी म्हणून लोकांनी डुकरं आणून सोडली. त्याच वर्षी राज्यानं शिकारीचा खेळ बंद करून डुक्कर ‘विध्वंसक प्राणी’ ठरवलं. कॅन्ससनं 2006 मध्येच हौशी शिकार बंद केली. शेजारी ओक्लाहोमा डुकरांनी भरलेलं असूनही तिथे संख्या दबून राहिली. मिसूरीनं 2016 मध्ये आपल्या संवर्धन क्षेत्रांत बंदी आणली आणि लोकांना सांगितलं की डुक्कर दिसलं तर बंदूक उचलू नका, फोन उचला.

बंदुकीचं गणितही जुळत नाही. संख्या नुसती स्थिर ठेवायला दरवर्षी साधारण दोन-तृतीयांश डुकरं कमी व्हावी लागतात. शिकारी एक मारतो, बाकीचा कळप पांगतो आणि रात्रीचा होतो. हेलिकॉप्टरच्या व्हिडिओबद्दलची किळस समजू शकते. पैसे मोजून गोळ्या झाडण्याच्या सहलींना आमचाही पाठिंबा नाही. सरकारी पथकं तेच यंत्र सापळ्यातून सुटलेल्यांसाठी वापरतात, ती गोष्ट वेगळी.

‘लोकांना हवीच आहेत’

काही शिकाऱ्यांना आणि शिकारीच्या सहली विकणाऱ्यांना हवी आहेत, खरं आहे. पण देशव्यापी पाहण्यांत बहुसंख्य अमेरिकनांचं मत डुकरांविरुद्धच दिसतं, आणि त्यांची ने-आण रोखणाऱ्या कायद्यांना बहुतेकांचा पाठिंबा असतो. न्यूयॉर्कनं 2013 मध्ये आणणं, पाळणं, सोडणं यांवर कायदा केला आणि पुढच्या काही वर्षांत राज्य डुक्करमुक्त केलं.

जाणूनबुजून डुक्कर सोडण्याचा एक प्रकार मात्र सरकारी पथकंही वापरतात. एखादं डुक्कर पकडायचं, गळ्यात रेडिओ-पट्टा अडकवायचा आणि पकडलं त्याच रानात सोडायचं. त्याला एकटं करमत नाही. काही दिवसांत ते लपलेल्या कळपाला जाऊन मिळतं आणि पट्ट्याच्या संदेशामागून पथक तिथे पोचतं. कळप संपतो, पट्टेवाल्याला जिवंत ठेवतात, आणि ते पुढचा कळप शोधायला निघतं.