कंपनी विकली गेली म्हणून नाव बदलू नका

‘चिप बनवणारी फ्रीस्केल २०१५ साली एनएक्सपीत गेली, तेव्हा डिव्हाइस ट्रीमधला (बोर्डावर कोणतं हार्डवेअर आहे हे लिनक्सला सांगणाऱ्या फाइलमधला) “एफएसएल” हा फ्रीस्केलचा उपसर्ग काढून “एनएक्सपी” लिहा, फाइल स्वच्छ होईल’ असा सल्ला एका लेखात वाचला; तो कृपया कुणी ऐकू नका. त्या फाइलमधल्या ‘कॉम्पॅटिबल’ ओळीतलं ‘कंपनी,चिप’ अशा रूपातलं नाव ही दुकानावरची पाटी नव्हे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच अक्षरांवरून त्या चिपचा ड्रायव्हर शोधतो आणि डीटीबी, म्हणजे डिव्हाइस ट्रीची कंपाइल केलेली फाइल, बऱ्याचदा बोर्डाच्या फ्लॅशमध्ये वेगळी पडून असते. कर्नल नवा चढतो, ती जुनीच राहते. म्हणून तर आयएमएक्स८ ही चिप्सची मालिका एनएक्सपीच्या काळातली असूनही तिथे आजही बहुतेक ठिकाणी ‘एफएसएल’च लिहितात.

हे मी भोगलंय. आमच्या कंपनीचं नाव बदललं तेव्हा एका उत्साही सहकाऱ्याने डीटीएस (डिव्हाइस ट्रीची मूळ मजकूर-फाइल) आणि ड्रायव्हर दोन्हीकडे उपसर्ग बदलला. टेबलावरच्या बोर्डावर सगळं मस्त. साइटवरच्या बोर्डांवर फक्त कर्नल अपडेट झाला आणि आमचं कार्ड गायब! एरर नाही, वॉर्निंग नाही, प्रोब, म्हणजे ड्रायव्हरने कार्ड ताब्यात घेऊन चालू करणं, कधी झालाच नाही. दोन दिवस आम्ही केबल तपासत बसलो. शेवटी ड्रायव्हरच्या मॅच टेबलमध्ये (तो कोणत्या नावांना ओळखतो त्या यादीत) जुनं नाव परत टाकलं, एक ओळ. गंमत म्हणजे शेजारच्या आयटूसी (चिप जोडायची एक साधी बस) चिपचाही उपसर्ग त्याने चुकवला होता, पण ती चालू होती, कारण तिथे लिनक्स स्वल्पविरामाआधीचा भाग सोडून नुसत्या चिपच्या नावानेही ड्रायव्हरच्या आयडी टेबल या दुसऱ्या यादीत शोधतो. त्यामुळे संशय अजूनच भलतीकडे गेला.