करार झाला, पण पक्षी कुठाय?

पर्यावरण परिषद आटोपली की 'ऐतिहासिक करार' अशी बातमी ठरलेली. मला मात्र स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू आठवतो. सायबेरियाकडून भूमध्य समुद्राच्या बाजूला हिवाळ्यात येणारा पक्षी. त्याला वाचवायला १९९४ मध्ये देशोदेशींचा सामंजस्य करार झाला. त्याची शेवटची खात्रीची नोंद १९९५ ची, मोरोक्कोतल्या मेर्जा झेर्गाची. ही पाणथळ जागा १९८० पासून रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागा जपण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे! यादी होती, करार होता, पक्षी गेला. २०२५ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

म्हणून रामसर करार मोडीत काढा असं मी म्हणत नाही. १९७१ मध्ये दलदलीला कुणी किंमत देत नव्हतं, तेव्हा तो झाला. पण त्यात शिक्षेची तरतूद नाही. यादीतली जागा खराब झाली तर तिचं नाव आणखी एका यादीत, माँट्रो रेकॉर्डमध्ये जातं, तेही त्याच देशाच्या संमतीने.

पाणथळ जागेचं दुखणं असं की तोडणारा एक आणि भोगणारा भलताच. बार-टेल्ड गॉडविट हा पाणथळीतला पक्षी अलास्कातून न्यूझीलंडला न थांबता जातो, ११,००० किलोमीटरहून जास्त. निघण्याआधी खाऊन खाऊन चरबी साठवतो आणि पोटातले अवयव आकसून घेतो, वजन वाचावं म्हणून. परतताना त्याला चीन आणि कोरियामधल्या पिवळ्या समुद्राच्या चिखलात थांबून पोट भरावंच लागतं. न्यूझीलंडने आपला किनारा कितीही जपला तरी तो चिखल त्यांच्या हातात नाही.

याच समुद्रावर दक्षिण कोरियाने सेमांगुमला ३३ किलोमीटरची भिंत घालून २००६ मध्ये खाडी बंद केली. 'पक्षी जातील दुसरीकडे' असं म्हटलं गेलं. तिथे थांबणारे ग्रेट नॉट हे पक्षी आसपास वाढलेले दिसलेच नाहीत, उलट ऑस्ट्रेलियातल्या मोजणीत ते कमी भरले.

माझं मत विचाराल तर एकाच जागेचे वाटेकरी असलेल्या मोजक्या देशांनी केलेलं काम जास्त टिकतं. वाडन समुद्रावर नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क १९७८ पासून एकत्र आहेत. १९८८ मध्ये रोगाच्या साथीने तिथले निम्म्याहून जास्त सील मेले. तिघांनी सीलसाठी वेगळा करार केला, विमानातून मोजणी एकाच पद्धतीने सुरू केली. आकड्यांवरून भांडण उरलं नाही की पुढचं बोलणं सोपं होतं.

श्रीमंत देशांना हे परवडतं, असं कुणी म्हणेल. खरंय. पण पिवळ्या समुद्राकडेही बघा. तिथून जाणाऱ्या पक्ष्यांच्या मार्गावरच्या देशांनी केलेल्या भागीदारीचं सचिवालय दक्षिण कोरियातल्या सोंगडोत आहे, चिखलात भराव घालून उभारलेल्या शहरात (हसावं की रडावं!). तरी २०१८ मध्ये चीनने व्यापारी भरावांवर बंदी आणली. त्याच वर्षी उत्तर कोरिया रामसरमध्येही आला आणि या भागीदारीतही. त्याआधीपासूनच न्यूझीलंडचे पक्षिनिरीक्षक उत्तर कोरियात जाऊन, तिथल्या लोकांसोबत चिखलात उभे राहून पक्षी मोजत होते.