मुलांना खरोखरच सगळे येते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. वर्गातील डिजिटल साधनांविषयीच्या लेखात मी शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला होता. त्यावर आपले म्हणणे थोडक्यात असे की, आजचे विद्यार्थी या साधनांसोबतच जन्मले आहेत, मागे पडले आहेत ते शिक्षक, आणि त्यांची अनास्था मी सहानुभूतीच्या आड झाकली आहे. त्यामुळे प्रशिक्षणावर वेळ घालवण्यापेक्षा तंत्रज्ञानाची सूत्रे विद्यार्थ्यांच्या आणि तांत्रिक सहायकांच्या हाती द्यावीत व शिक्षकाने फक्त देखरेख करावी. यातील काही भाग मला मान्य आहे. पण ज्या गृहीतकावर हे सगळे उभे आहे ते मला मान्य नाही. अनेक पालक, मुख्याध्यापक आणि खुद्द शिक्षकही तेच गृहीत धरून निर्णय घेतात व त्या निर्णयांचे परिणाम विद्यार्थ्यांना भोगावे लागतात, म्हणून हे उत्तर थोडे लांबवतो आहे, त्याबद्दल आपण रागावणार नाही अशी आशा आहे.

डिजिटल युगात वाढलेली पिढी म्हणजे तेथील मूळ रहिवासी आणि आधीची पिढी म्हणजे स्थलांतरित, ही मांडणी अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये केली. ती चटकन पटते, कारण मुलांची बोटे पडद्यावर किती सफाईने फिरतात हे आपण रोज पाहतो. परंतु स्यू बेनेट, कार्ल मेटन आणि लिसा कर्विन या संशोधकांनी २००८ मध्ये उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला, तेव्हा एकाच वयाच्या मुलांमध्येही वापराची आणि कौशल्याची मोठी तफावत असल्याचे त्यांनी दाखवून दिले. पुढे २०१७ मध्ये पॉल किर्शनर आणि पेद्रो डे ब्रॉयकेरे यांनी तर या कल्पनेला सरळ मिथक ठरवले, आणि अशा समजावर अध्यापनाची आखणी करणे विद्यार्थ्यांनाच बाधक ठरते, असे बजावले.

मी पुरावा दिला नाही, असा आपला आक्षेप आहे, म्हणून एक मोजमाप सांगतो. आयईए ही आंतरराष्ट्रीय संस्था अनेक देशांतील आठवीच्या विद्यार्थ्यांची संगणक व माहिती साक्षरता तपासते. 'तुला काय येते?' असे विचारून ती थांबत नाही. माहिती शोधणे, तिची विश्वासार्हता ठरवणे, ठरावीक वाचकांसाठी ती नीट मांडणे अशी कामे ती प्रत्यक्ष संगणकावर करायला लावते. २०१३ आणि २०१८ या दोन्ही फेऱ्यांत सहभागी देशांच्या सरासरीने सर्वोच्च पातळी गाठणारे विद्यार्थी केवळ २ टक्के होते, आणि सर्वांत खालची पातळीही न गाठू शकलेले अनुक्रमे १७ व १८ टक्के होते. केवळ साधने पुरवल्याने हे कौशल्य येत नाही, ते शिकवावे लागते, असाच २०१८ च्या फेरीच्या अहवालाचाही निष्कर्ष आहे.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. मुले जी ॲप दिवसभर वापरतात, ती वापरताना विचार करावाच लागू नये याची काळजी ॲप बनवणाऱ्यांनी घेतलेली असते. त्यामुळे त्या वापरातून सराव होतो, समज वाढतेच असे नाही. व्हिडिओ कापून, त्याला संगीत जोडून काही मिनिटांत पुढे पाठवणाऱ्या मुलाला आपण लिहिलेला निबंध कोणत्या फोल्डरमध्ये साठवला गेला हे अनेकदा सांगता येत नाही. स्प्रेडशीट समोर उघडी असताना बेरीज कॅल्क्युलेटरवर करून उत्तर रकान्यात टाइप करणारे विद्यार्थीही आढळतात, कारण सूत्र लिहिता येते हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते. सर्चमध्ये आलेल्या पहिल्या लिंकवर थांबणे ही सवय तर इतकी सार्वत्रिक आहे की ती आता चूक म्हणून कोणाच्या डोळ्यांतही भरत नाही.

येथे मी शिक्षकांची बाजू घेतो आहे असे समजू नये, कारण शिक्षण आणि वय यांनीही ही उणीव आपोआप भरून निघत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्य-पडताळणी करणारे आणि त्याच विद्यापीठाचे २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळांची विश्वासार्हता ठरवायला सांगितली. विद्यार्थीच नव्हेत, तर डॉक्टरेट मिळवलेले इतिहासतज्ज्ञही बरेचदा संकेतस्थळाची मांडणी, बोधचिन्ह आणि पत्ता पाहून फसले. पडताळणी करणारे मात्र ते पान तसेच ठेवून लगेच दुसऱ्या टॅबमध्ये जात आणि त्या संस्थेविषयी इतरत्र काय लिहिले गेले आहे ते पाहत. ही एक शिकवता येणारी पद्धत आहे. ती ज्याला शिकवली जाईल त्याला येईल, मग तो बाकावर बसलेला असो वा फळ्यापाशी उभा असो.

आता अनास्थेच्या आरोपाकडे वळतो. नवे साधन हाती घेताना विद्यार्थी निर्धास्त असतो आणि शिक्षक बिचकतो, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. पण त्यामागचे कारण आपण वयात शोधता, मला ते त्यांच्या स्थानात दिसते. मुलाने चुकीचे बटण दाबले तर तो ते पुन्हा दाबून पाहतो आणि त्याचे काहीही बिघडत नाही. शिक्षकाने तेच केले आणि प्रोजेक्टर सुरूच झाला नाही, पासवर्ड स्वीकारला गेला नाही किंवा इंटरनेट अर्ध्यावर तुटले, तर तासिकेतील दहा मिनिटे जातात, वर्ग हातचा निसटतो, आणि तो राहिलेला भाग पुढच्या तासिकेच्या डोक्यावर बसतो. हे सर्व ज्याच्यासमोर घडते तो वर्ग उद्याही समोर असतो. ज्याला सगळ्यांदेखत शिकावे लागते त्याचे बिचकणे मला आळसाचे लक्षण वाटत नाही. चुका करून पाहायला मोकळा वेळ आणि रिकामा वर्ग मिळाला, तर हेच शिक्षक किती झपाट्याने पुढे जातात हे पाहण्याची तसदी फार थोड्या संस्था घेतात.

प्रशिक्षण म्हणजे प्रमाणपत्रे गोळा करण्याचा कार्यक्रम झाला आहे, हे आपले मत मात्र मी पूर्णपणे स्वीकारतो. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या २०१८ च्या शिक्षक-सर्वेक्षणात सदस्य देशांच्या सरासरीने ५६ टक्के शिक्षकांच्या मूळ शिक्षणक्रमात अध्यापनासाठी तंत्रज्ञान वापरण्याचा समावेश होता, पण त्यासाठी आपली तयारी चांगली झाली असे केवळ ४३ टक्क्यांना वाटत होते. गणिताचे, भाषेचे आणि विज्ञानाचे शिक्षक एकत्र बसवून त्यांना एकच मेनू दाखवला, की त्यातून हेच निष्पन्न होणार. विषयाचे ज्ञान, तो शिकवण्याची हातोटी आणि साधनाची ओळख या तिन्हींचा मेळ बसला तरच तंत्रज्ञान अध्यापनाच्या कामी येते, ही मांडणी पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या संशोधकांनी २००६ मध्येच केली होती. प्रशिक्षणे अजूनही तिसऱ्या घटकापाशीच घोटाळत आहेत.

यावरूनच आपल्या मुख्य सूचनेविषयीचे माझे मत लक्षात यावे. समजा, वर्गात जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर सरळ रेषेचा आलेख उघडला आहे आणि स्लायडर सरकवला की रेषेचा चढ बदलतो. विद्यार्थी तो स्लायडर शिक्षकापेक्षा भराभर सरकवतील, रेषा फिरताना पाहून त्यांना मजाही वाटेल, आणि पाच मिनिटांनी हाती काही उरणार नाही. 'हा आकडा ऋण केला तर रेषा कुठे झुकेल, आधी वहीत काढा आणि मग सरकवा', असे सांगणारा कोणी असेल तर त्याच पाच मिनिटांत चढाची कल्पना पक्की होते. हा प्रश्न कोणत्या क्षणी विचारायचा, कोणत्या मुलाचे चुकलेले चित्र सर्वांपुढे चर्चेला घ्यायचे आणि चूक नेमकी कोणत्या गैरसमजातून झाली, हे ना त्या मुलाला ठाऊक असते ना तांत्रिक सहायकाला. वायर जोडायला, अडलेले ॲप सुरू करायला विद्यार्थ्यांनी जरूर पुढे यावे. त्यात शिक्षकाला कमीपणा नाही, उलट मुलांना जबाबदारीची सवय लागते. पण धड्याची दिशा ठरवण्याचे काम त्यांच्यावर सोपवणे म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणे आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाल्यावर तर हा भेद आणखी स्पष्ट झाला आहे. या साधनाशी शिक्षक आणि विद्यार्थी यांची ओळख एकाच वेळी झाली. उत्तर मिळवणे दोघांनाही सारखेच सोपे आहे; परंतु सफाईदार भाषेत लिहिलेल्या उत्तरातील चूक ओळखायला तो विषय आधी थोडाफार यावा लागतो, आणि विद्यार्थी तर तो शिकायलाच आलेला असतो.

निवृत्तीला दोन-चार वर्षे उरलेल्या शिक्षकांवर हा खर्च कशासाठी करायचा, असे आपण शेवटी विचारले आहे. त्यांना स्वतंत्र वर्गात बसवून साधनांची यादी शिकवायची असेल, तर तो खर्च मलाही अनाठायी वाटतो. त्याऐवजी एकच विषय शिकवणारा एक अनुभवी आणि एक तरुण शिक्षक अशी जोडी करून, पुढच्या महिन्यात प्रत्यक्ष शिकवायचा एकच पाठ त्यांनी मिळून तयार करावा. साधन कसे चालते हे तरुणाला ठाऊक असते, तर त्या पाठात मुले दरवर्षी नेमकी कुठे अडखळतात हे दुसऱ्याला. निवृत्तीबरोबर निघून जाणारी ती दुसरी माहिती तरुण शिक्षकाला याच काळात मिळवता येते, आणि माझ्या मते या खर्चाचे तेवढे कारण पुरेसे आहे.