‘एकदाच पैसे भरा, आयुष्यभर ऑफिस वापरा’ या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे गोव्यातील मराठी व्हॉट्सअॅप गटांमध्ये संगणकावरील मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस सॉफ्टवेअरविषयी (वर्ड, एक्सेल वगैरे) एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: दरवर्षी वर्गणी भरून वापरायचे ऑफिस ही निव्वळ लूट आहे, वर्गणी थांबली की तुमच्या साऱ्या फायली कंपनी काढून घेते, इंटरनेट नसेल तर ते उघडतच नाही, याउलट एकदाच पैसे देऊन घेतलेले ऑफिस आयुष्यभर चालते आणि आपोआप नवे होत राहते, मोफत मिळणाऱ्या ऑफिसमध्ये मराठी मोडते, १४ ऑक्टोबर २०२५ पासून जुनी ऑफिसे बंद झाली आहेत, तेव्हा घाई करा. शेवटी एक मोबाइल क्रमांक आहे आणि त्यावर ५९९ रुपये पाठविल्यास ‘ऑफिस ३६५ चे ओरिजिनल लाइफटाइम खाते, पाच उपकरणांसाठी’ मिळेल, असे आश्वासन आहे.

अशा प्रत्येक संदेशाला उत्तर देत बसणे हा माझा उद्योग नाही. परंतु हा संदेश माझ्या मामांपर्यंत पोहोचला. मामा फोंडा तालुक्यातील एका देवस्थान समितीचे खजिनदार आहेत. अभिषेकाच्या पावत्यांत पाच रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत जेवायला न उठणारा हा माणूस ५९९ रुपये पाठविण्याच्या बेतात होता, आणि तेही समितीच्या संगणकासाठी. म्हणून मी शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचे सारे मुद्दे वाचकाला त्या मोबाइल क्रमांकापर्यंत आणून सोडण्यासाठीच रचलेले आहेत.

पहिली विसंगती लिहिणाऱ्याच्याही ध्यानात आलेली दिसत नाही. ज्या वर्गणीला संदेश पहिल्या ओळीपासून नावे ठेवतो, तिचेच उत्पादन तो शेवटी विकतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ (पूर्वीचे नाव ऑफिस ३६५) हे वर्गणीचेच ऑफिस आहे; ते महिन्याच्या किंवा वर्षाच्या हिशेबाने मिळते आणि त्याची आजीवन योजना मायक्रोसॉफ्ट विकतच नाही. एका व्यक्तीसाठीच्या वार्षिक वर्गणीची भारतातील किंमत जानेवारी २०२५ च्या वाढीनंतर ६,८९९ रुपये झाली. खुद्द बनविणारा जे वर्षाला ६,८९९ रुपयांना देतो, ते कोणी अनोळखी माणूस जन्मभरासाठी ५९९ रुपयांत कसे देतो, हा प्रश्न बाजारात बांगड्याचा भाव दोनदा विचारून घेणाऱ्या आपल्या लोकांना पडू नये, याचे नवल वाटते.

अशा स्वस्ताईच्या मागे सहसा तीनपैकी एक प्रकार असतो. एक म्हणजे मोठ्या संस्थांना घाऊक परवान्याबरोबर मिळणारी ‘की’, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करण्याचा सांकेतिक क्रमांक, बाहेर फोडून विकणे. अशी की ठरावीक संख्येच्या संगणकांपुरतीच चालते, आणि या परवान्याच्या दुसऱ्या पद्धतीत संगणकाला दर १८० दिवसांच्या आत त्या संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क साधावा लागतो. संख्या संपली किंवा कंपनीने ती ‘की’ रोखली, तर विकणाऱ्याचा फोन लागेनासा होतो. दुसरा प्रकार म्हणजे परवान्याचे कुलूप तोडणारा एखादा प्रोग्रॅम, जो बसविण्यापूर्वी ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना आवर्जून दिलेली असते. ती सूचना वाचूनही जो पुढे जातो, त्याला मी काय सांगणार?

तिसरा प्रकार सर्वांत घातक आहे आणि संदेशात ‘खाते’ म्हटलेले असल्यामुळे येथे तोच संभवतो. यात तुम्हाला ‘की’ मिळत नाही. विकणारा एक युजरनेम आणि एक पासवर्ड पाठवितो. ते खाते तुमचे नसते. कोणत्या तरी शिक्षणसंस्थेच्या किंवा कंपनीच्या नावावर घेतलेल्या ३६५ सुविधेत तुमच्यासाठी एक जादा वापरकर्ता निर्माण केलेला असतो आणि त्या सुविधेच्या प्रशासकाचे अधिकार विकणाऱ्याकडे किंवा त्याला ते खाते पुरविणाऱ्याकडे असतात. हा प्रशासक तुमचा पासवर्ड कधीही बदलू शकतो, खाते पुसून टाकू शकतो आणि, जे कोणीच सांगत नाही ते म्हणजे, त्या खात्याच्या वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवर दिलेल्या साठवणीच्या जागेत) साठविलेल्या फायली स्वतःसाठी उघडूनही घेऊ शकतो. खात्यात साइन-इन केले की आजचे वर्ड आणि एक्सेल नवी फाइल साठविण्यासाठी आधी वनड्राइव्हचीच जागा पुढे करतात, हेही येथे लक्षात घ्यावे.

आता मामांच्या एक्सेलमध्ये काय असते ते पाहा. गोव्यात आणि गोव्याबाहेर विखुरलेल्या कुळाव्यांची, म्हणजे त्या देवाला कुलदैवत मानणाऱ्या कुटुंबांची, नावे, पत्ते, फोन क्रमांक, कोणी किती देणगी दिली, कोणाचा अभिषेक कधी आहे, बँकेच्या ठेवी कधी मुदतीला येतात, आणि मामलेदारांकडे सादर करावयाचा वर्षाचा हिशेब. हे सारे एखाद्या अपरिचिताच्या हाती ५९९ रुपये मोजून देण्याचा हा व्यवहार आहे. शिवाय समितीच्या पैशाने केलेल्या खर्चाला बिल लागते. मी मामांना विचारले की मोबाइल क्रमांकावर पाठविलेल्या पैशांचे व्हाउचर ते कशाच्या आधारावर करणार. त्यावर ते काही क्षण गप्प राहिले, आणि माझे निम्मे काम तिथेच झाले.

ओळखायची खूण सोपी आहे. खरी वर्गणी तुमच्या स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडली जाते. त्यासाठी विकणाऱ्याने तुम्हाला त्याचा पासवर्ड देण्याची गरजच नसते. खरेदीचे जीएसटीसह बिल मिळते. यांतील एक जरी गोष्ट नसेल तर किंमत ५९९ असो वा ५,९९९, ती वस्तू घेऊ नये.

आता आयुष्यभर चालण्याविषयी. येथे मतामतांचा गलबला करण्याचे कारण नाही, कारण मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर प्रत्येक उत्पादनाला किती काळ सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार याच्या तारखा दिलेल्या आहेत आणि त्या कोणालाही पाहता येतात. ऑफिस २०१३ ची मुदत ११ एप्रिल २०२३ रोजी संपली. २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांची मुदत एकाच दिवशी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. २०२१ च्या आवृत्तीची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे आणि २०२४ च्या आवृत्तीची ९ ऑक्टोबर २०२९. या तारखा नीट वाचल्या तर आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे मुदत आखडत चालली आहे: २०१६ ला दहा वर्षे मिळाली, २०१९ ला सात, आणि त्यानंतरच्या दोघांना पाचच. ही मुदत तुम्ही ऑफिस कधी घेतले यावर अवलंबून नसते. दुकानदाराने जुना साठा म्हणून २०२१ चे ऑफिस सवलतीत दिले तरी त्याची शेवटची तारीख बदलत नाही, आणि अशी सवलत देणारा दुकानदार ही तारीख आपण होऊन सांगेल असे समजू नये.

‘आपोआप नवे होत राहते’ हेही खोटे आहे. एकदाच घेतलेल्या ऑफिसला दोष-दुरुस्त्या मिळतात, नव्या सोयी मिळत नाहीत. २०२१ चे ऑफिस कधीही २०२४ चे होत नाही, त्यासाठी पुन्हा पूर्ण पैसे मोजावे लागतात. ते एकाच संगणकासाठी असते. २०२४ च्या घरगुती आवृत्तीत वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट आणि वननोट आहेत. आउटलुक हवे असेल तर महाग आवृत्ती घ्यावी लागते.

संदेशातील १४ ऑक्टोबरची तारीख मात्र खरी आहे, आणि तिचाच आधार घेऊन भीती घातली आहे. त्याच दिवशी विंडोज १० चीही मुदत संपल्यामुळे गोंधळात भर पडली. परंतु मुदत संपणे म्हणजे ऑफिस बंद पडणे नव्हे. २०१९ चे ऑफिस आजही उघडते, लिहिते, छापते. केवळ त्यात पुढे सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी बुजविल्या जातील याची हमी नाही. बाहेरून ई-मेलने आलेल्या वर्ड आणि एक्सेल फायली रोज उघडणाऱ्या माणसाने ही गोष्ट गंभीरपणे घ्यावी. ज्याचा संगणक इंटरनेटला जोडलेलाच नाही आणि ज्यावर केवळ भजनाच्या पोथ्या टंकल्या जातात, त्याने घाई करण्याचे कारण मला दिसत नाही.

वर्गणी थांबली की फायली जातात, या विधानात अर्धे सत्य आहे आणि ते मान्य करावे लागते. तुमच्या संगणकाच्या डिस्कवरील फायली तुमच्याच असतात. वर्गणी संपल्यावर ३६५ चे वर्ड आणि एक्सेल त्या उघडतात, छापतात, पण बदलू किंवा नव्या करू देत नाहीत. त्याच फायली दुसऱ्या कोणत्याही ऑफिसमध्ये उघडून पुढे काम करता येते. वनड्राइव्हची गोष्ट निराळी आहे. वर्गणीबरोबर १ टीबी जागा मिळते आणि वर्गणी गेल्यावर ५ जीबी उरते. तुमचा साठा त्याहून मोठा असेल तर नवे काही चढविता येत नाही, आणि सहा महिन्यांहून अधिक काळ तो तसाच राहिला तर कंपनी तो पुसू शकते. तेव्हा वर्गणी सोडणाऱ्याने आधी साऱ्या फायली आपल्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात.

किमतीच्या लुटीविषयीही संदेशाला थोडे श्रेय देणे भाग आहे, जरी ते मी नाखुशीने देतो. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोपायलट ही एआय सुविधा वर्गणीत घातली आणि ती कोणी मागितली होती की नाही याचा विचार न करता दर वाढविले. भारतात ४,८९९ चे ६,८९९ झाले. ऑस्ट्रेलियात याच प्रकरणी तेथील ग्राहक-संरक्षण आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीला न्यायालयात खेचले. कोपायलट नसलेली जुन्या दराची ‘क्लासिक’ योजना उपलब्ध असतानाही ती सुमारे २७ लाख ग्राहकांपासून लपविली गेली आणि वर्गणी रद्द करण्याच्या वाटेवर गेल्याशिवाय ती दिसतच नव्हती, असा आयोगाचा आरोप होता. कंपनीने पुढे माफी मागून परतावा देऊ केला. म्हणजे वर्गणीचा दर उद्या काय असेल हे आपल्या हाती नसते, ही तक्रार रास्त आहे.

मात्र त्यावरून एकदाची खरेदी नेहमीच स्वस्त पडते, असे ठरत नाही. आपल्याकडे दुकानागणिक भाव बदलत असल्यामुळे हिशेब अमेरिकेतील अधिकृत दरांवर करू. २०२४ चे घरगुती ऑफिस बाजारात आले तेव्हा १४९.९९ डॉलरला होते. एका व्यक्तीची वर्गणी २०२५ च्या वाढीनंतर वर्षाला ९९.९९ डॉलर झाली. एका माणसाचा एकच संगणक असेल तर पाच वर्षांत वर्गणीचे पाचशे डॉलर होतात, म्हणजे एकदाच्या खरेदीच्या तिप्पटीहून अधिक. तेथे संदेश बरोबर आहे. पण सहा जणांची कुटुंब योजना वर्षाला १२९.९९ डॉलरची आहे; सहाही जण खरोखर वापरणारे असतील तर पाच वर्षांत डोई सुमारे १०८ डॉलर पडतात, आणि प्रत्येकाला १ टीबी जागा वेगळी. भारतात हीच योजना ८,१९९ रुपयांची झाली, म्हणजे डोई वर्षाला १,३६७ रुपयांच्या आसपास. घरात दोन मुले कॉलेजात आहेत, सून घरून काम करते आणि आजोबा आत्मचरित्र लिहीत आहेत, अशा घराने वर्गणीला लूट म्हणू नये. ही योजना घरगुती, अव्यावसायिक वापरासाठी आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे; देवस्थानाचे किंवा दुकानाचे काम तिच्यावर चालवू नये.

इंटरनेटच्या मुद्द्यावर फार शाई खर्च करण्यासारखे काही नाही. ३६५ संगणकावर बसवून वापरता येते आणि वर्गणी चालू आहे की नाही हे तपासण्यासाठी त्याला साधारण महिन्यातून एकदा जोडणी लागते. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात झाड पडून जोडणी काही दिवस जाते, हे खरे. सबंध महिना जात असेल तर तक्रार ऑफिसविषयी नसावी.

राहिला मोफत ऑफिसचा मुद्दा. लिब्रेऑफिस मोफत आहे, कायदेशीर आहे, त्याचा इंटरफेस मराठीतही मिळतो आणि ते वर्डच्या डीओसीएक्स आणि एक्सेलच्या एक्सएलएसएक्स फायली उघडते व साठविते. त्याचे स्वतःचे ओडीएफ हे फायलींचे स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने आपल्या प्रशासनाचे सुमारे ३०,००० संगणक त्याच्याकडे वळविण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा ते केवळ हौशी लोकांचे खेळणे आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. उणिवा आहेत: एक्सेलमध्ये कोणी मॅक्रो (तीच कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली) लिहून ठेवलेले असतील तर ते चालतीलच असे नाही, आणि वर्डमध्ये बारकाईने मांडलेले पान कधी कधी हलते. समितीच्या जमाखर्चाला माझ्या मते ते पुरेसे आहे आणि मामांना मी तेच सुचविले.

मराठी मोडण्याचा दोष मात्र त्याच्या माथी मारू नये. श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या कोणत्याही संगणकावर, पूर्ण किंमत मोजलेल्या वर्डमध्येसुद्धा, इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या समान अक्षर-संकेतांत, टंकलेला मजकूर दोन्हीकडे सारखाच वाचता येतो. समितीची जुनी इतिवृत्ते अशाच एका फाँटात आहेत. ती युनिकोडमध्ये आणून घेण्याचे काम कोणतेही ऑफिस घेतले तरी करावेच लागणार आहे.