रजा संपली, अंगणवाडीला अजून अडीच वर्षं आहेत, मग बाळ कुणाकडे ठेवायचं?

थोडी मोठी पोस्ट आहे, पण ज्यांच्या घरात लहान बाळ आहे आणि दोघंही कामाला जातात त्यांनी नक्की वाचा.

माझं म्हणणं सरळ आहे, पाळणाघर ही सरकारने पैसे घालून चालवायची गोष्ट आहे, शाळा आणि दवाखान्यासारखीच. आत्ता काय होतंय, ज्याला परवडतं तो डे केअर शोधतो आणि बाकीच्यांचं सगळं आजीवर नाहीतर मोठ्या बहिणीवर.

2017 ला कायदा बदलला आणि पगारी बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. चांगलंच झालं. पण रजा संपते तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचं असतं, आणि अंगणवाडीत मूल बसायला लागतं तिसरं वर्ष पूर्ण झाल्यावर, तेही थोड्या तासांसाठी. त्याखालच्या मुलांचं वजन होतं, लसी होतात, टीएचआरची (घरी न्यायच्या पोषण आहाराची) पाकिटं मिळतात, पण त्यांना तिथे ठेवून आई दिवसभर कामावर जाऊ शकत नाही. मधली अडीच वर्षं कुणाच्याच हिशोबात नाहीत, आणि नेमक्या याच काळात बायका नोकरी सोडतात. माझ्या ओळखीत अशा इतक्या जणी आहेत की नावं लिहायला बसले तर पोस्ट पुरणार नाही.

आमच्या घराजवळचं पाळणाघर महिन्याला आठ हजार घेतं. आम्हाला दोन पगार आहेत म्हणून जमलं. आमच्या सोसायटीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईंना हे विचारायची सोयच नाही, त्यांची पाचवीतली मुलगी आठवड्यातले दोन-तीन दिवस शाळा बुडवून धाकट्याला सांभाळते. तिची शाळा बुडते ती या पाळणाघराची फी आहे असं मला वाटतं, फक्त ती भरतेय एक लहान मुलगी.

आता कुणीतरी म्हणेल कायदा आहे की. आहे. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायला हवं. पण तो खर्च पूर्णपणे मालकाच्या डोक्यावर टाकलाय, मग छोटी कंपनी काय करते, लग्न झालेली पोरगी इंटरव्ह्यूला आली की आधीच विचार करते. बायकांसाठी केलेला कायदा बायकांनाच नोकरी मिळताना आडवा येतो, आणि शिवाय आपल्याकडच्या बहुतेक बायका 50 माणसांच्या ऑफिसात नाहीतच, त्या शेतात, घरकामाला, दुकानात, साइटवर आहेत.

साइटचं बघा. 1996 च्या बांधकाम मजुरांच्या कायद्यात, जो 2025 पर्यंत लागू होता, 50 पेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं, पण बायका वेगवेगळ्या ठेकेदारांच्या नावावर असल्या की तो आकडा भरायचा नाही. मुंबईत मोबाइल क्रेशेस ही संस्था 1970 च्या दशकापासून साइटवर पाळणाघरं चालवते, म्हणजे हे करता येतं हे पन्नास वर्षांपूर्वीच दिसलंय. बांधकामाच्या खर्चावर सरकार 1 टक्का उपकर घेतं, तो मजुरांच्या कल्याणासाठीच आहे, त्यातून प्रत्येक मोठ्या साइटजवळ पाळणाघर का उभं राहू नये?

आणि ऊसतोड. बीडकडून दरवर्षी जोडपी कोयता घेऊन निघतात, पाच-सहा महिने फडावर. शाळेच्या वयाच्या पोरांसाठी निदान हंगामी वसतिगृहं तरी आहेत, पण दूध पिणारं बाळ आईबरोबरच जातं, फडाच्या कडेला झोळीत नाहीतर पाचटावर झोपतं, शेजारून ट्रॅक्टर आणि बैलगाड्या जात असतात. हे लिहितानाही जीव वर-खाली होतो.

योजना नाही असं नाही. 2006 ला राजीव गांधींच्या नावाने पाळणाघर योजना आली, 2022 पासून ती केंद्राच्या महिलांसाठीच्या मिशन शक्तीमध्ये ‘पालना’ नावाने चालते, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षं वयाची मुलं, खर्च केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के. कल्पना एकदम योग्य आहे, पण तुमच्या गावात किंवा वॉर्डात असं एक तरी बघितलंय का? शेजारच्या कर्नाटकने 2023 ला ‘कूसिना मने’ जाहीर केलं, रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या बाळांसाठी 4000 ग्रामपंचायतींत. आपल्याकडे तर शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला गरिबाच्या अंगणात बालवाडी नेली होती, मग आपण मागे का.

फक्त एक गोष्ट स्पष्ट हवी, हे काम आहे त्याच अंगणवाडी ताईंच्या गळ्यात मारायचं नाही. त्यांना पगार नाही, मानधन मिळतं, आणि त्यासाठी त्यांना डिसेंबर 2023 पासून जानेवारीपर्यंत संप करावा लागला. पाळणाघराला वेगळी प्रशिक्षित बाई हवी, मदतनीस हवी, नीट पगार आणि तपासणी हवी. 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातला बाळाला मारहाणीचा व्हिडिओ ज्यांनी पाहिलाय त्यांना तपासणी का हवी हे सांगायला नको.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न येणारच. कॅनडात क्विबेक प्रांताने 1997 ला रोजच्या 5 डॉलरमध्ये पाळणाघर सुरू केलं, बाकी भार सरकारने उचलला, तिथेही वेटिंग लिस्टची तक्रार आहेच, पण नोकरी करणाऱ्या आयांचं प्रमाण वाढलं आणि त्या टॅक्स भरतात. आपलं राज्य लाडक्या बहिणीला महिन्याला 1500 देतं, ते बंद करा असं मी म्हणत नाही, बाईच्या हातात पैसा असावाच. पण 1500 मध्ये पाळणाघर मिळत नाही, आणि पाळणाघर मिळालं तर तीच बाई त्याच्या कितीतरी पट स्वतः कमावते.

आणि “मुलं सांभाळायला जमत नाही तर जन्माला का घालता” अशी कमेंट कृपया करू नका, ती बायकांनाच ऐकावी लागते, बापाला कुणी विचारत नाही.

आमच्या वॉर्डातली पालिकेची बालवाडी दुपारी बंद होते. खोली आहे, पंखे, नळ, संडास सगळं आहे. ती संध्याकाळी सातपर्यंत पाळणाघर म्हणून चालवावी, वेगळा स्टाफ द्यावा आणि फी उत्पन्न बघून ठरवावी, असा अर्ज आम्ही काही जणींनी लिहिलाय. तुमच्या वॉर्डासाठी नमुना हवा असेल तर मेसेज करा, पाठवते.